खुलासा: ‘अवयवांच्या वेळापत्रका’ला नोबेल मिळालेले नाही

‘रात्री १ ते ३ यकृताची सफाई, ३ ते ५ फुप्फुसांची, त्या वेळी जाग आली तर तो अवयव बिघडला, हे २०१७च्या नोबेलने सिद्ध केले’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ते वेळापत्रक पारंपरिक चिनी वैद्यकातले. २०१७चे नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना मिळाले ते फळमाशीच्या पेशींतले घड्याळ उलगडल्याबद्दल: ‘पिरियड’ जनुकाचे प्रथिन रात्री साठते, दिवसा नष्ट होते. अवयवांच्या सफाईचा तिथे उल्लेखही नाही.

शरीराला घड्याळ आहे, हे मात्र खरे. मेंदूतले मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर जुळते. यकृत आणि चरबीच्या पेशींचे घड्याळ जेवणाच्या वेळेकडेही बघते. २०१७मध्येच इंग्लंडच्या सरे विद्यापीठात दहा तरुणांची जेवणे पाच तास पुढे ढकलली, तेव्हा रक्तातल्या साखरेची लयही पाच तासांहून अधिक पुढे सरकली. मेलाटोनिन या झोपेशी जोडलेल्या संप्रेरकाची लय मात्र हलली नाही, म्हणजे मेंदूतले मुख्य घड्याळ जागेवरच राहिले.

पहाटे तीनला जाग आली म्हणून यकृत बिघडले, असे ठरत नाही. तो मेसेज किंवा वरचा जेवणाचा प्रयोग वाचून मधुमेहाची औषधे घेणाऱ्या कुणी रात्रीचे जेवण परस्पर बंद करू नये, साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.