बुडाखालचं अक्षर

आमच्या घरी विरजण एकाच वाडग्यात लागतं. चिनी मातीचा, निळ्या वेलबुट्टीचा, काठाला टवका उडालेला. पणजोबा मुंबईत एका पारशी पेढीवर कारकून होते. चीनशी व्यापार करणाऱ्या शेटजींनी तो खूश होऊन दिला, एवढाच इतिहास आत्याला ठाऊक.

एका रविवारी घासताना मी तो पालथा केला आणि बुडावर दोन वर्तुळांच्या आत निळी सहा अक्षरं दिसली. शेजारी कुंकवाचा पुसट डाग. त्या दिवसापासून घरात धड दही मिळेनासं झालं.

पहिल्या दोन रात्री मी वाडगा उलटा धरून अक्षरं जुळवत होतो. चिनी शिक्का वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा, हे तिसऱ्या रात्री कळलं. आधी घराणं, मग बादशहाच्या कारकिर्दीचं नाव, शेवटी 'या काळात केलं' अशा अर्थाची दोन अक्षरं. माझ्या वाडग्यावर निघालं: थोर मिंग घराणं, चेंगहुआ कारकीर्द. म्हणजे १४६५ ते १४८७! याच कारकिर्दीतला, कोंबड्यांची चित्रं असलेला एक चिमुकला पेला २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात तिथल्या २८ कोटी डॉलरला गेला आणि घेणाऱ्यानं त्यातून चक्क चहा प्यायला. आम्ही दही लावत होतो.

वाडगा टॉवेलात गुंडाळून बायकोच्या पैठणीखाली गेला. आत्या स्टीलच्या डब्यात विरजण लावू लागली आणि रोज सकाळी, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "पाणी सुटलंय" म्हणू लागली.

वाचन वाढलं तसा माझा ताप वाढला. कांगशी बादशहाच्या काळात (१६६२ ते १७२२) चिंगदेचन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावचे कुंभार दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआचं नाव बिनदिक्कत घालत. १६७७ साली तिथल्या अधिकाऱ्यानं चालू बादशहाचं नाव भांड्यांवर घालायला मनाई केली होती; भांडं फुटून उकिरड्यावर गेलं तर नावाचा अपमान, असं कारण सांगतात. शिवाय जुन्यांबद्दल आदरही होताच. आपण नातवाला आजोबांचं नाव ठेवतो तसं. पण म्हणून नातवाला आजोबांची पेन्शन मिळत नाही.

शेवटी चोरबाजारातल्या एका जुन्या दुकानदाराकडे गेलो. त्यानं शिक्का पाहिलाच नाही. बुडाच्या कडेला जिथं झिलई नसते तिथं अंगठा फिरवला. वजन तोललं. उजेडात तिरका धरून झिलई न्याहाळली. मी घोकून आणलेली सहा अक्षरं तोवर ताटकळत होती. मग सावकाश म्हणाला, "नाम तो कोई भी लिख देता है, साब." वर, अक्षर फार सुबक आहे म्हणे; अस्सल चेंगहुआचं जाडसर, पोरानं गिरवल्यासारखं असतं. बाळबोध अक्षरालाही भाव असतो हे मला शाळा सुटून चाळीस वर्षं झाल्यावर कळावं!

मग त्यानं कुंकवाच्या डागावर भिंग धरलं आणि ते माझ्या हातात दिलं. तांबडा, झिजलेला ठसा. रोमन लिपीत: 'चायना'.

अमेरिकेनं १८९० साली कायदा केला, की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं. पुढच्या वर्षापासून चिनी भांड्यांवर हा शब्द उमटू लागला. माझा वाडगा अमेरिकेला निघून मुंबईत का उतरला, देव जाणे. पंधराव्या शतकातल्या बादशहाला इंग्रजी येत नव्हतं, एवढं मात्र नक्की.

घरी पोचलो तेव्हा आत्या ओट्याशी उभी होती. तिनं टॉवेलाकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"झालं वाचून? मग आण इकडे. दूध कोमट आहे तोवर विरजण लावते."