बचत मोठी म्हणून नुकसान लहान ठरत नाही

पर्यावरणाचे नुकसान वजा केल्यावरही चीनची राष्ट्रीय बचत अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त उरते, म्हणजे चीनच्या विकासाने निसर्गाचे फारसे बिघडवलेले नाही आणि भविष्य खाते आहे ती अमेरिका, असा दावा सध्या बराच फिरतो आहे. त्यातले पहिले विधान खरे आहे. त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

हा दावा ज्या मापावर उभा आहे, त्या जागतिक बँकेच्या ‘समायोजित निव्वळ बचती’त देशाच्या एकूण बचतीतून यंत्रे-इमारतींचा घसारा वजा होतो, शिक्षणावरचा खर्च मिळवला जातो, आणि मग इंधन, खनिजे व जंगल यांची झीज, कार्बन डायऑक्साइड आणि सूक्ष्म धूलिकणांमुळे होणारे नुकसान वजा केले जाते. चीनची एकूण बचतच राष्ट्रीय उत्पन्नाच्या 40 टक्क्यांच्या वर, तर अमेरिकेची 20 टक्क्यांच्या आसपास. ही तफावत पर्यावरणाची वजाबाकी सुरू होण्याआधीचीच आहे.

वजाबाकी किती होते, हे बऱ्याच अंशी कार्बनच्या दरावर, म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या नुकसानीची किंमत किती धरली यावर ठरते. बँकेने टनामागे सुमारे 30 डॉलर धरले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2023 मध्ये हेच नुकसान सुमारे 190 डॉलर ठरवले. 2019 चे ढोबळ आकडे घेऊ: चीनचे उत्सर्जन 10 अब्ज टन, अर्थव्यवस्था 14 लाख कोटी डॉलर. पहिल्या दराने नुकसान अर्थव्यवस्थेच्या 2 टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या दराने 13 टक्क्यांहून अधिक. अमेरिकेचे 5 अब्ज टन आणि 21 लाख कोटी डॉलर धरले, तर हेच प्रमाण पाऊण टक्क्यावरून साडेचार टक्क्यांवर जाते. एवढे करूनही चीन पुढेच राहील, हे मान्य करायला हवे. पण तो पुढे राहतो काटकसरीमुळे, स्वच्छतेमुळे नव्हे.

शिवाय या हिशेबात जे धरलेलेच नाही, ते वजा होणार कसे? चीन सरकारनेच 2014 मध्ये जाहीर केलेल्या मृदा पाहणीत शेतजमिनीचे 19.4 टक्के नमुने प्रदूषित निघाले आणि त्यांत कॅडमियम हा विषारी धातू ठळक होता. भातातून ताटात येणाऱ्या या धातूसाठी सूत्रात रकानाच नाही. नद्यांचे प्रदूषण आणि उपसलेले भूजल यांचीही तीच गत, आणि जंगल मोजले जाते ते लाकूड म्हणून. हवेच्या प्रदूषणाचे मोल अकाली मृत्यूमुळे बुडालेल्या कमाईवरून काढतात, त्यामुळे कामाचे वय ओलांडलेल्या माणसाच्या मृत्यूला जवळपास किंमतच उरत नाही.

राहिला अमेरिकेवरचा आरोप. तिची निव्वळ बचत तोकडी आहे, हे खरे. 2009 मध्ये तर घसारा वजा करताच ती शून्याखाली गेली होती, आणि तेव्हा निसर्गाचा एक डॉलरही वजा झालेला नव्हता. हे कर्जाचे आणि खर्चाचे दुखणे आहे. त्यावरून जंगल-हवेविषयी काहीच सिद्ध होत नाही.

चीनच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मात्र आहे. कार्बनचे नुकसान उत्सर्जन करणाऱ्या देशाच्या नावावर पडते, त्यामुळे चिनी कारखान्यात तयार होऊन अमेरिकी घरात पोहोचलेल्या वस्तूचा धूरही चीनच्याच खात्यात जमा होतो. दावा पसरवणाऱ्यांनी नेमका तोच मांडलेला नाही.