खरेच चकार शब्द काढला नाही?

ब्रिटनमधला युद्धस्मृतिदिन जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो आणि आता त्याचे मराठी रूप आपल्या कौटुंबिक गटांवरही पोहोचले आहे. आशय असा: दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिक १९४५ मध्ये घरी परतले, गणवेश खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी कामाला लागले, त्यांना उपचार लागले नाहीत, त्यांनी तक्रार केली नाही आणि युद्धाबद्दल घरात चकार शब्द काढला नाही, कारण ती पिढीच कणखर होती. शेवटी आजच्या तरुणांना टोमणा असतोच. टोमण्याशी मला कर्तव्य नाही; पण त्याच्या आधाराला घेतलेला इतिहास तपासला, तर बहुतेक विधाने डळमळतात.

आधी परतण्याची गोष्ट. कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या योजनेनुसार, वय आणि सेवेचा काळ पाहून सैनिकांना घरी सोडण्याचे काम १८ जून १९४५ रोजी सुरू झाले आणि १९४६ अखेरपर्यंत चाळीस लाखांहून अधिक जण मोकळे झाले. म्हणजे कित्येकांचे परतणे १९४६ मधले आहे. दरम्यान ब्रिटिश तुकड्या जावा बेटावर नव्या लढाईत गुंतल्या होत्या, तर पॅलेस्टाईनमधून त्या १९४८ मध्ये बाहेर पडल्या.

‘दुसऱ्या दिवशी कामाला लागले’ हे तर घरातल्या माणसांना विचारूनच ठरवावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४७ साली घटस्फोटांची संख्या ६० हजारांच्या घरात गेली. युद्धापूर्वी ती याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होती. यातले सगळे घटस्फोट रणांगणाच्या खाती टाकणे अन्यायाचे होईल, कारण १९३७ च्या कायद्याने वाट सोपी केली होती आणि युद्धकाळातली घाईची लग्नेही होतीच. तरीही ज्या घरात बाप चार वर्षांनी परका माणूस म्हणून शिरला, त्या घराला ‘सारे पूर्ववत झाले’ असे म्हणता येत नाही. शिवाय घर तरी कुठे होते? १९४६ च्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबे रिकाम्या लष्करी छावण्यांत स्वतःहून राहायला गेली आणि त्यांत युद्धावरून परतलेल्यांची कुटुंबेही होती.

उपचार लागले नाहीत, हे विधान त्या काळच्या ब्रिटिश सैन्यालाच मान्य झाले नसते. परतलेल्या युद्धकैद्यांसाठी सैन्याने १९४५ पासून देशभर वीस पुनर्वसन केंद्रे उघडली. त्यांची आखणी मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने झाली होती आणि तिथे जाणे ऐच्छिक असूनही हजारो जण गेले. मन बिघडते हे सैनिकांना तर त्याच्याही कितीतरी आधीपासून ठाऊक होते. मुदत संपलेले गोरे शिपाई बोटीची वाट पाहत आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत. त्या रिकामपणात डोके फिरण्याला त्यांनी ‘डूलाली टॅप’ असे नाव दिले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. कणखरांना मनाचे दुखणे होत नसते, तर इंग्रजीला हा शब्द देवळालीहून उसना घ्यावा लागला नसता.

आता मौनाचा मुद्दा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. ‘बाबा युद्धाबद्दल काही बोलत नसत’ ही असंख्य ब्रिटिश कुटुंबांची आठवण खरी आहे. चूक आहे ती तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षात. जपान्यांच्या कैदेत गेलेल्यांचे पाहा. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडले. पुढे सयाम-ब्रह्मदेश (आजचे थायलंड-म्यानमार) रेल्वेच्या ४१५ किलोमीटरच्या मार्गावर दोस्त राष्ट्रांच्या सुमारे ६० हजार कैद्यांना राबवले गेले आणि त्यांतले १२ हजारांहून अधिक मेले. आशियाई मजुरांचे बळी तर याच्या कितीतरी पट होते. वाचलेले सुटले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती एक छापील पत्रक पडले. ‘जिभेला आवर घाला’ हा त्याचा मथळा होता. तुमच्या हकीकती वर्तमानपत्रांत आल्या तर मेलेल्यांच्या नातलगांना विनाकारण दुःख होईल, असे त्यात बजावले होते. वरून आलेली सूचना मुलांच्या आठवणीत बापाचा स्वभाव बनून राहिली.

आणि ते मौन तरी पुरते कुठे होते? या कैद्यांच्या मुलांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: रात्रीचे ओरडणे, झोपलेल्या बाबांना हात लावून उठवायचे नाही ही आईची ताकीद, ताटातला भात पाहून उठून जाणारा बाप आणि दुसऱ्या एखाद्या घरात ताटात शीतही टाकू न देणारा बाप. जे तोंडाने सांगितले गेले नाही, ते घरातल्या रीतींतून सगळ्यांना कळत होते. शिवाय हेच लोक माजी कैद्यांच्या मंडळांत एकमेकांशी मोकळेपणी बोलत. १९७० च्या दशकापासून लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने मुलाखती ध्वनिमुद्रित करायला घेतल्या, तेव्हा अनेक माजी सैनिक परक्या माणसासमोर तासन्‌तास बोलले. शरीरही गप्प नव्हते. कैदेत शिरलेला एक सूक्ष्म जंत कित्येकांच्या आतड्यात दशकानुदशके तसाच असल्याचे लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या डॉक्टरांना आढळले.

राहता राहिली तक्रार. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी काम थांबवले, कारण त्यांना घरी पाठवायला होणारा उशीर आणि तिथली राहणी असह्य झाली होती. संप बघता बघता हिंदुस्थानातल्या इतर तळांवर, सिलोनला आणि सिंगापूरपर्यंत पसरला. मुंबईच्या नौदलाचा उठाव आपल्याला पाठ असतो, पण त्याच्या महिनाभर आधी गोऱ्या जवानांनीच काम बंद केले होते हे कमी जणांना माहीत असते. माजी युद्धकैद्यांची तक्रार तर अर्धे शतक चालली. जपानशी झालेल्या १९५१ च्या शांतता करारानंतर प्रत्येकाला जेमतेम ७६ पौंडांच्या आसपास भरपाई मिळाली होती. मे १९९८ मध्ये जपानचे सम्राट अकिहितो लंडनला आले, तेव्हा सत्तरी-ऐंशीतले हे म्हातारे रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि शाही बग्गी समोरून जाताना त्यांनी पाठ फिरवली. नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारने हयात कैद्यांना, आणि जे उरले नव्हते त्यांच्या विधवांना, प्रत्येकी १० हजार पौंड देण्याचे जाहीर केले.