मखाणा म्हणजे कमळाचे बी नव्हे

श्रावण किंवा नवरात्र जवळ आले की एक संदेश घरोघरच्या गटांमध्ये फिरू लागतो. त्याचा आशय असा: मखाणा म्हणजे कमळाचे बी, हे बी तेराशे वर्षांनीही रुजते, शास्त्रज्ञांनी कमळाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, वाचून त्यात म्हातारपण रोखणारे जनुक शोधले आहे, म्हणून रोज मूठभर मखाणे खाल्ले की वय थांबते. या चार विधानांपैकी एक कमळापुरते खरे आहे आणि त्याच्याच भरवशावर उरलेली तीन खपून जातात, त्यामुळे प्रत्येक विधान वेगळे करून तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान घरच्या घरी तपासता येते. पूजासाहित्याच्या दुकानात मिळणारा कमळगट्टा, म्हणजेच कमळाचे बी, लंबगोल, गुळगुळीत आणि दगडासारखा टणक असतो. तो फोडला तर आत वालाच्या डाळिंबीसारखी दोन जाड दले आणि त्यांच्यामध्ये हिरवा, कडू कोंब दिसतो. आता मखाण्याच्या पाकिटाच्या तळाशी राहिलेला, नीट न फुललेला एखादा दाणा पाहा. त्याला चिकटलेला काळपट तुकडा वाटाण्याएवढ्या गोल बीच्या कवचाचा असतो. या बीमध्ये दले नावापुरतीच असून पिष्टाचा साठा गर्भाबाहेर, मातृवनस्पतीच्या ऊतीपासून बनलेल्या थरात असतो आणि तोच तापून फुलला की आपण खातो ती पांढरी लाही होते. झाडेही वेगळी आहेत. कमळाची पाने पाण्यावर उंच उभी राहतात, तर मखाण्याचे मीटरभर रुंदीचे काटेरी पान पाण्यावर पसरलेले असते आणि त्याचे फळही काट्यांनी भरलेले असते.

जीनोमच्या अभ्यासाने हा फरक किती जुना आहे ते दाखवले. कमळाचा जीनोम 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, मखाण्याचा 2020 मध्ये. कमळात गुणसूत्रांच्या आठ जोड्या आहेत, मखाण्यात एकोणतीस. मखाणा कुमुदाच्या कुळातला आहे आणि ते कूळ सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर अगदी बुंध्यापाशी फुटलेल्या फांदीवर बसते. कमळाचे जवळचे नातलग मात्र चिनार आणि मॅकाडेमिया हे जमिनीवरचे वृक्ष आहेत. वंशावळीच्या हिशेबाने कमळाला मखाण्यापेक्षा आंबाच काय, गहूसुद्धा जवळचा ठरतो. दोघेही तळ्यात वाढतात आणि दोघांची पाने गोल असतात, एवढ्यावरून जुळवलेले हे नाते आहे.

तेराशे वर्षांचे विधान कमळापुरते खरे आहे. चीनच्या लिआओनिंग प्रांतात, एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे 1,300 वर्षांपूर्वीचे कमळाचे बी वनस्पतिशास्त्रज्ञ जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवून दाखवले. त्याचा अहवाल 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. संदेशात न येणारी गोष्ट अशी की, याच संशोधकांनी 2002 मध्ये शतकांपूर्वीच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांमधील विकृतीही नोंदवल्या आणि मातीतल्या मंद किरणोत्सर्गाशी त्यांचा संबंध जोडला. बी जिवंत राहिले, पण काळाचा मार त्यालाही बसला होता. मखाण्याची गोष्ट तर वेगळीच आहे. त्याचे बी तळ्याच्या तळाशी पडते आणि पुढच्या हंगामात उगवते. बिहारच्या मिथिला भागातील शेतकरी तळ्यात राहिलेल्या याच बियांवर पुढचे पीक घेत आले आहेत.

आता तारुण्याच्या जनुकाकडे येऊ, कारण गैरसमजाचे मूळ येथे आहे. असे एखादे जनुक कमळात सापडलेले नाही. 2013 च्या शोधनिबंधात दिसले ते हे की, कमळाच्या वंशात जनुकीय बदल साचण्याचा वेग द्राक्षाच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी कमी आहे. ज्या वनस्पतीचे कंद वर्षानुवर्षे तसेच वाढत राहतात आणि जिचे बी शतकानंतरही रुजू शकते, तिच्या पिढ्या सावकाश उलटतात आणि त्यामुळे बदलही सावकाश साचतात. हा वेग लाखो वर्षांच्या वंशाचा आहे. एका रोपाच्या किंवा ते खाणाऱ्याच्या वयाशी त्याचा संबंध लावता येत नाही. त्याच निबंधात तांब्यावर अवलंबून असलेल्या प्रथिनांची काही जनुके कमळात वाढलेली आढळली आणि त्यांचा संबंध पाण्यातील जीवनाशी जोडला गेला, माणसाच्या तारुण्याशी नव्हे.

समजा असे जनुक असते, तरी ते खाऊन आपल्याला लाभले नसते. जनुक आणि त्याच्यापासून बनलेली प्रथिने पचनात तुटतात, आणि मखाणा तर लोखंडी कढईत दोनदा कडक भाजून, गरम असतानाच लाकडी थापीने फोडलेला असतो. त्यात पिष्टमय पदार्थ सुमारे तीन चतुर्थांश, प्रथिने नऊ-दहा टक्के आणि स्निग्धांश अगदी थोडा. उपवासाला हलका, चांगला पदार्थ म्हणून एवढे पुरेसे आहे.

मला या संदेशाचा खरा राग येतो तो दुसऱ्याच कारणाने. मखाण्याला कमळ म्हटले की हे पीक आणि ते पिकवणारी माणसे दोन्ही दिसेनाशी होतात. देशातील बहुतांश मखाणा बिहारमधून येतो आणि मिथिलेच्या मखाण्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील मल्लाह समाजाचे लोक तळ्यात बुडी मारून गाळातून बिया गोळा करतात, आणि कुजलेल्या पानांचे काटे त्यांच्या हातापायांत रुततात. चीनमध्ये सुजौ परिसरातल्या शेतकऱ्यांनी निवड करत करत कमी काट्यांचा मखाणा केव्हाच तयार केला आहे. बिहारमधल्या दरभंग्याच्या मखाणा संशोधन केंद्राने स्थानिक बियाण्यातून निवडलेले ‘स्वर्ण वैदेही’ हे वाण मात्र उत्पादन वाढवण्यासाठी आहे. काटे कोणत्या जनुकांमुळे येतात आणि उत्पादन न घटवता ते कमी करता येतील का, हा प्रश्न जीनोम हाती आल्यानंतर आता नेमकेपणाने विचारता येतो, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणारे लोक दरवर्षी त्याच काटेरी पाण्यात उतरत आहेत.