हेड गॅस्केट स्वस्त आहे, काम नाही

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्या सांध्यातलं पातळ पॅकिंग, स्वस्तात मिळतं, तरी गॅरेजवाला भरमसाट बिल लावतो. फेसिंग (हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करून घेणं) आणि नवे बोल्ट म्हणजे लूट. हेड खोला, जुनं गॅस्केट खरवडा, नव्याला सिलिकॉन फासा, तेच बोल्ट जोर लावून आवळा, रविवारचं काम.

आधी फेसिंगचं बघू. गॅस्केट उगाच जात नाही, बहुतेकदा इंजिन तापून जातं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर तापल्यावर हेड ब्लॉकच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे वाकतं. सुझुकीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत हा बाक ०.०५ मिमीपर्यंतच चालतो, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीइतका. तो डोळ्यांना दिसत नाही. सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीची पातळ पाती, सरकवावा लागतो. बाक मर्यादेत असेल तर फेसिंगची गरज नाही, आणि न मोजताच हेड लेथवर धाडणारे महाभाग आहेत, एवढं मेसेजवाल्याचं खरं. माप तुमच्यासमोर घ्यायला लावा. काही डिझेल इंजिनांना तर कंपनीच फेसिंगची परवानगी देत नाही. तिथे हेडच बदलावं लागतं.

बोल्टांबद्दलचा सल्ला सगळ्यात घातक. हेडचा बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो, आणि तो ताणच हेड दाबून धरतो. हल्लीच्या पुष्कळ इंजिनांत आधी थोड्या टॉर्कवर (फिरवण्याच्या मोजलेल्या जोरावर) आवळून मग ठरलेल्या अंशांत, समजा ९० आणि पुन्हा ९०, फिरवायचं असतं. त्यात बोल्ट कायमचा लांबतो. तोच परत घातला तर पकड कमी पडते, नाहीतर आवळतानाच तुटतो आणि अर्धा ब्लॉकमध्ये राहतो. तो काढायचा खर्च विचारून बघा! जुन्या धाटणीच्या इंजिनांत बोल्ट परत चालतात. चालतात की नाही ते मॅन्युअलमध्ये बघायचं, मेसेजमध्ये नाही.

‘जोर लावून’ हे मापच नव्हे. टॉर्क रेंच घ्यायचा, मधल्या बोल्टांपासून कडेकडे जायचं, तेही टप्प्याटप्प्याने. सोडवताना उलट, कडेकडून मध्ये, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. बोल्टाच्या भोकात कूलंट किंवा ऑइल साचलं असेल तर आधी हवा मारून काढायचं. द्रव दबत नाही. बोल्ट आत जाताना ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो.

खरवडायला ग्राइंडरवर खरखरीत डिस्क लावू नका. तिची पूड ऑइलच्या वाटांत शिरते आणि बेअरिंगं खाते. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर खड्डे पडतात ते वेगळंच.

सिलिकॉन? पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला कोटिंग असतंच. मॅन्युअलने एखाद्या सांध्यावर सांगितलं तर तेवढ्याच ठिकाणी.

आणि टायमिंगचा, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या हालचालींच्या मेळाचा, मेसेजमध्ये उल्लेखच नाही! हल्लीच्या बहुतेक इंजिनांत हेड काढायचं तर त्याचा बेल्ट किंवा चेन उतरवावीच लागते. परत चढवताना खुणा चुकल्या, तर कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. म्हणून स्टार्टर मारण्याआधी क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) पान्ह्याने पूर्ण दोन फेरे हाताने फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. मध्ये कुठे अडला तर जोर करायचा नाही; बेल्ट किंवा चेन उतरवून खुणा पहिल्यापासून लावायच्या.