आधी कोणी हात लावला होता ह्याला?

चाक काढलं की आपल्याकडचा कुठलाही मिस्त्री आधी पान्याला हात लावत नाही, कपाळाला लावतो. मग ठरलेला प्रश्न, "आधी कोणी उघडलंय हे?" प्लंबर पण हेच विचारतो, डेंटिस्ट पण हेच विचारतो, फक्त तो मास्कच्या आडून विचारतो म्हणून जरा कमी लागतं.

तर काकांची पिकअप. धायरीत त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, गाडी जुनी, गाद्या-खुर्च्या-भट्ट्या वाहून पार खिळखिळी झालेली. ऐन लग्नसराईत सासवडहून सामान भरून दिवे घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र आवाज यायला लागला, म्हणजे ब्रेकचे पॅड संपून नुसता पत्रा चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासत होता. काका म्हणाले, "पॅडच तर बदलायचेत, तू मेकॅनिकल झालायस ना?" मेकॅनिकलची डिग्री असली की घरातल्या मिक्सरपासून नात्यातल्या टेम्पोपर्यंत सगळं आपल्याच अंगावर येतं, ते असो.

काम खरंच सोपं असतं. पॅड धरून डिस्कवर दाबणारा तो कॅलिपर, त्याला दोन बोल्ट, खालचा काढायचा, कॅलिपर वर उचलायचा, जुने पॅड काढून नवे बसवायचे, झालं. पण इथे खालच्या बोल्टला डोकं होतं आणि कोपरे नव्हते. चोखून संपत आलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा गुळगुळीत! आधी कोणीतरी बारा टोकांची गोटी, म्हणजे पान्याचा सॉकेट, लावून दाबून दाबून फिरवलेला, त्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. अशा जाम बोल्टला सहा टोकांची गोटी लावायची असते, ती कोपऱ्यांऐवजी सपाट बाजू धरते. पण ज्याने हे केलं त्याच्याशी आता वाद घालायला तो सापडायला पाहिजे.

सहा टोकांची लावली, ती पण स्लिप. मग रात्री डब्ल्यूडी-40, म्हणजे गंज सोडवायचा स्प्रे, मारून ठेवलं. ह्या नावातला चाळीस म्हणजे 1953 साली ते मिश्रण जमलं तो चाळिसावा प्रयत्न, हे वाचून मला फार धीर आला होता. सकाळी वरचा बोल्ट सुटला, पण खालचा ढिम्म.

तोपर्यंत गल्लीतले सगळे गोळा. पुण्यात वर्गणी मागितली तर दार उघडत नाहीत पण जॅकवर गाडी चढवा, माणसं कुठून कुठून येतात. बोल्टचं डोकं आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे तोंड करून, आणि मी खाली आडवा पडून त्याच्याकडे बघतोय, तर हे सगळे बाहेर उभे. त्यामुळे मी बरोबर फिरवत असलो तरी त्यांना ते उलटंच दिसणार. "अरे कसतोयस तू!" "उलटा फिरव!" "उलटा म्हणजे तुझा उलटा नाही, आमचा उलटा!" एकाने तर हातात हात घेऊन दाखवलं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने की विरुद्ध, आणि मग स्वतःच गोंधळून चहा प्यायला निघून गेला.

त्यात शेजारचे आजोबा, भोसरीत लेथवर आयुष्य गेलेलं, एकटेच कामाचं बोलत होते. कोणीतरी गॅसची बत्ती आणतो म्हणाला तर ते खेकसले, "शेजारी ब्रेक ऑइल आहे! नवं डॉट थ्री 205 अंशाला उकळतं, पाणी ओढलेलं जुनं असेल तर 140 ला पण. आणि कॅलिपरवरची रबराची टोपणं जळली तर काय घरून आणणारेस?" बत्तीवाला गप्प. आजोबांचा उपाय एकच, डोक्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग. नवं डोकं मिळतं आणि मोजक्या जागी बसलेल्या झटक्याच्या उष्णतेने गंज पण सुटतो.

धायरी फाट्यावरून वेल्डिंगवाला मिस्त्री आला. कपाळाला हात लावला, विचारायचं ते विचारलं. आजोबांनी बॅटरीची वायर काढून घेतली, रबरावर ओलं फडकं दाबलं. चर्रर्र, ठिणग्या, निळा धूर. जरा थांबून पाना लावला आणि आतून 'कट्' असा बारीक आवाज आला. सगळे एकदम ओरडले, जसा काही त्यांनीच काढलाय.

नाना पेठेत नवा बोल्ट मागितला तर दुकानदार म्हणे सुटा नाही, जोडीच. मी डोक्यावर 10.9 हा मजबुतीचा ठसा आहे का बघत होतो तर तो म्हणाला, "बोल्टच घेताय ना, लग्न नाही जमवत." घेतली जोडी.

आता बसवायची वेळ. हा छोटा बोल्ट बऱ्याच गाड्यांत तीसेक न्यूटन-मीटरला कसतात, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगलं तेवढाच जोर. मी हे मिस्त्रीला समजावत होतो तोवर त्याने हातभर लांब पाइप काढून पान्यात अडकवला. मी पाइप काढून काकांच्या हातात दिला. काकांनी तो शांतपणे परत त्याला दिला.

"साहेब, ब्रेकचं काम आहे, ढिलं ठेवून चालतं का?" म्हणत त्याने पाय टेकवला आणि असा काही झटका मारला की गाडी जॅकवर हलली. मग हात पुसत, समाधानाने, "आता बघा. कोणाच्या बापाला निघणार नाही."

काका म्हणाले, "ह्याला म्हणतात काम."