फोटोबद्दल तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर

ताई, नमस्कार.

मदतीच्या मेसेजमध्ये आजारी लेकराचा फोटो टाकू नये आणि जमलेल्या पैशांचा हिशोब द्यावा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. "ज्याचं लेकरू आयसीयूत आहे त्याला तुम्ही शिस्त शिकवणार? फोटो टाकला नाही तर पैसे देतं कोण?" तुमच्या भाच्याच्या बाळासाठी फिरणाऱ्या मेसेजवरून तुम्ही हे विचारलंत. फोटोशिवाय पैसे कमी येतात, हे खरंच आहे. मी ते लेखात लिहायला हवं होतं. बापाला बोल लावतोय असं वाटलं असेल, तर चूक माझ्या लिहिण्याची.

पण हा विषय मला का सुटत नाही, ते सांगतो. इथे आमच्या शहराच्या पूर्व भागात एक कुटुंब आहे. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. 3 वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं ऑपरेशन निघालं. मेसेज मीच लिहिला. नाकात नळी, हाताला सलाईन, अंगावर घरून नेलेली चादर, असा फोटो. खाली आईच्या खात्याचा क्यूआर कोड. चार दिवसांत पैसे जमले, पोरगं बरं झालं. आता सातवीत आहे.

गेल्या महिन्यात तोच फोटो फिरत फिरत त्याच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर आला. वर "अर्जंट", खाली क्यूआर कोड भलत्याच कुणाचा. "अजून मागताय होय?" म्हणून शेजारणी दारात आल्या. पोरगं दोन दिवस शाळेत गेलं नाही. आईनं मला विचारलं, "दादा, ते आता पुसता येत नाही का?" नाही येत. मी आईला विचारून फोटो टाकला होता, पण पोराला कुणीच विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला जास्त खाते. ते रुग्णालय धर्मादाय होतं. अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ऑपरेशनआधी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. जे हक्कानं मिळू शकलं असतं, त्यासाठी त्या माउलीला चारचौघांत हात पसरावा लागला.

म्हणून हिशोब मी तुमच्या भाच्याकडे मागत नाही. तो मेसेज लिहिणाऱ्यानं आणि पुढे ढकलणाऱ्यानं द्यायचा. आता मी लिहितो तेव्हा तारीख, लागणारी रक्कम आणि रुग्णालयाचं खातं टाकतो, पोराचा चेहरा टाकत नाही. रक्कम भरली की त्याच ग्रुपांवर "पुरे झालं, आता पाठवू नका" असं सांगतो. पैसे हळू येतात, मग फोन करत बसावं लागतं. बसतो.

बाळ कुठल्या रुग्णालयात आहे आणि भाच्याचं रेशनकार्ड कोणतं, एवढं आज रात्री कळवा. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा आजार बसतो का, ते सकाळी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारतो. आणि माझे पैसे त्याच्याही आधी पोचतील.